वरच्या पत्रापासून

बसने कचकन ब्रेक मारला आणि बाइंडरच्या अंगठ्याखाली भलतंच काहीतरी उघडलं. तो बघत होता तो सुनेने पाठवलेला फोटो होता, बायकोच्या डोळ्यांत घालायच्या थेंबांच्या बाटलीचा. दुकानात दाखवला की दुकानदार नेमकी तीच बाटली काढून देईल म्हणून पाठवलेला. त्या फोटोच्या वर एक निळी ओळ आठवडाभर पडून होती, 'बाबा, सवडीने वाचा' असं खाली लिहिलेली. ती त्याने उघडली नव्हती, कारण अनोळखी निळ्या ओळींना हात लावायचा नाही असं त्याला याच सुनेने दहादा बजावलं होतं. आता त्या ओळीतून अक्षरं बाहेर आली होती. नुसती अक्षरं, पांढऱ्यावर काळी, कसलं चित्र नाही की जाहिरात नाही. सगळ्यांत वर होतं, 'हे माझं शेवटचं पत्र.' बाइंडर एकेक शब्द ओठांनी लावत वाचत असे. चौथ्या शब्दापर्यंत पोचला आणि त्याने ती ओळ पुन्हा पहिल्यापासून लावली. पुढे लिहिलं होतं की चौसष्ट पत्रं झाली, पहिल्या पत्रात जो प्रश्न विचारला होता त्याचं उत्तर काही मिळालं नाही, आता थांबते, वाचणाऱ्यांचे आभार. खाली नुसतं 'तुमची' असं लिहून एका अक्षराची सही. एवढं वाचायला त्याला चार थांबे लागले. औषधाचं दुकान केव्हाच मागे गेलं होतं. तो उतरला, एका बंद दुकानाच्या पायरीवर टेकला आणि त्याने सुनेला फोन लावला. ती रक्त तपासण्याच्या प्रयोगशाळेत कामाला होती आणि कामावर असताना तिला फोन करायचा नाही, हीसुद्धा तिचीच सूचना होती.

"बाबा, काय झालं? आई बऱ्या आहेत ना?"

"ती बरी आहे. दुसरीच एक बाई आहे. तिचं पत्र आलंय. शेवटचं म्हणतेय."

"कोण बाई?"

"मला काय माहीत? तूच पाठवलंस. अगं, जिवाचं काही बरंवाईट केलं नसेल ना तिने?"

पलीकडे सून इतकी हसली की तिच्या मागे कुणीतरी विचारलं, काय गं, काय झालं. "अहो बाबा, ते न्यूजलेटर आहे. पेपरवाल्यांचं नाही, कॉलेजचं नाही. एकटी बाई घरी बसून लिहिते, ज्यांना हवं त्यांना फोनवर जातं. तत्त्वज्ञानावर. तुम्हाला असलं काही आवडेल असं वाटलं म्हणून पाठवलं. लिहायची थांबली आहे, एवढंच. सात महिने झाले."

"पण आहे ना ती?"

"ठणठणीत असेल हो. थेंब घेतलेत का?"

थेंब घेऊन, एवढं मागे चालत येऊन, तो घरी पोचला तरी त्या बाईची काळजी पुरती गेली नव्हती. तत्त्वज्ञान म्हणजे काय ते त्याला वजनाने ठाऊक होतं. चाळीस वर्षं त्याने छापखान्यात पुस्तकं बांधली. तत्त्वज्ञानाची पुस्तकं जाड असत, कागद चांगला असे आणि मालक त्यांना कापडी पाठ लावायला सांगत. आत काय आहे याच्याशी त्याचा संबंध नव्हता, कारण त्याला वाचता येत नव्हतं. बाइंडरला वाचावं लागत नाही. छापलेला मोठा कागद दुमडून सोळा पानांचा एक फर्मा होतो, प्रत्येक फर्म्याच्या पाठीवर एक काळी खूण छापलेली असते, पहिल्यावर वर, दुसऱ्यावर जरा खाली, तिसऱ्यावर आणखी खाली. फर्मे एकावर एक रचले की पाठीवर जिना उतरताना दिसतो. जिना मोडला की समजायचं क्रम चुकला. त्या जिन्याच्या आधारावर त्याने हजारो पुस्तकं बांधली, त्यातली काही म्हणे परदेशातल्या ग्रंथालयांतही गेली. छापखान्यातून घरी आला की बायको त्याला वाचून दाखवायची. विजेची नोटीस, मुलाचं प्रगतिपुस्तक, भिंतीवरच्या जाहिराती, कधी छापखान्यातून आणलेल्या एखाद्या बिघडलेल्या फर्म्यातली मधलीच सोळा पानं, ज्यांना आगा ना पिछा. "खून कुणी केला?" तो विचारायचा. "पुढच्या फर्म्यात असेल," ती म्हणायची. तिच्या तोंडून ऐकायची त्याला इतकी सवय होती की आपल्याला वाचता येत नाही हे त्याला कधी टोचलं नाही. टोचलं ते तिचे डोळे गेले तेव्हा. पूर्ण गेले नाहीत. मधलं गेलं, कडा राहिल्या. समोर बघितलं की समोरचं पुसलं जायचं आणि बाजूचं दिसायचं. डॉक्टर म्हणाले, आहे एवढं टिकवू. ती घरी येऊन म्हणाली, "माणूस समोर उभा राहिला की त्याचं डोकं नाहीसं होतं, कान तेवढे उरतात. तुमच्या बाबतीत फारसा फरक पडला नाही म्हणा." त्या दिवसापासून तो तिच्यासमोर बसायचं सोडून बाजूला बसायला लागला, कडेला, तिला दिसेल असा. आणि एकोणसाठाव्या वर्षी अक्षरं शिकला. तिनेच शिकवली, उरलेल्या पुठ्ठ्याच्या पट्ट्यांवर जाड शाईने, स्वतःला न दिसणारी अक्षरं केवळ हाताच्या सवयीने काढून. घरातलं वाचणं थांबायला नको, म्हणून आता उलट झालं होतं. तो वाचायचा, ती ऐकायची.

त्या दुपारी त्याने तिला ते शेवटचं पत्र वाचून दाखवलं. ती म्हणाली, "बरं लिहिते. रडत नाही. आणखी काय आहे?" पत्राच्या तळाशी मागच्या पत्रांची यादी होती. बाइंडरने सवयीप्रमाणे सगळ्यांत वरचं उचललं. गठ्ठा समोर आला की वरून सुरू करायचं, मधून काही ओढायचं नाही, नाहीतर गठ्ठा ढासळतो. हे त्याच्या हातांना इतकं पक्कं होतं की डोक्याला विचारायची वेळच आली नाही. रोज एक पत्र. दुपारी जेवण झालं, भांडी झाली, की तो तिच्या बाजूला खुर्ची ओढायचा. बाई लिहायची साधं. एका पत्रात ती विचारायची की दुसऱ्याचं दुखणं आपल्याला कळतं असं आपण म्हणतो तेव्हा नेमकं काय कळतं. एकात होतं की वचन देणारा माणूस आणि ते पाळायची वेळ येते तेव्हाचा माणूस एकच असतो का. मध्येच ती सांगायची की आज चहा उतू गेला, खिडकीजवळची वडिलांची खुर्ची अजून हलवलेली नाही, तिच्यावर आता पुस्तकं ठेवते. बाइंडर अडखळायचा. लांब वाक्याच्या शेवटी पोचेपर्यंत सुरुवात हातातून सुटायची, मग मागे जाऊन तो तिला धरून आणायचा. बायको म्हणायची, "हळू वाचता तेच बरं. तिला विचार करायला वेळ लागला असेल, आपल्याला ऐकायला लागू दे."

दहाव्या दिवशीचं पत्र वडील गेले त्या सकाळचं होतं. ते वाचून झाल्यावर बायकोने हात जोडले. अकराव्या दिवशीच्या पत्रात वडिलांनी दवाखान्यातल्या खाटेवरून मुलीच्या एका वाक्याची चूक काढली आणि बिनसाखरेच्या चहाबद्दल कुरकुर केली.

"थांबा, थांबा," बायको म्हणाली. "यांना काल पोचवलं ना आपण?"

बाइंडरने वर-खाली बघितलं. तारखा बारीक अक्षरांत होत्या. त्याने त्या कधी वाचल्याच नव्हत्या. पाठीवरच्या खुणेशिवाय तो आयुष्यात दुसऱ्यांदा काही रचत होता आणि जिना उलटा रचला होता. त्याच्या कानशिलाला गरम वाटलं. अशीच गरमी त्याला एकदाच आठवत होती, चाळीस वर्षांतली ती एकच चूक. एका जाड पुस्तकाच्या फर्म्यांवर खूण छापायचीच राहिली होती. कुणाला तरी विचारायला हवं होतं, पण विचारलं असतं तर वाचता येत नाही हे नवीन आलेल्या कामगारांना कळलं असतं. त्याने नमुन्याशी ताडून, अक्षरांच्या आकारावरून अंदाजाने रचलं. तीनशे प्रती बांधून झाल्यावर कळलं की दुसरा फर्मा शेवटी आणि शेवटचा दुसरा गेला आहे. पुस्तकं तोवर दुकानांत गेली होती. वर्षभर तो छापखान्याच्या दारात सावली पडली की दचकायचा. वर्षभरात एकाही माणसाची तक्रार आली नाही. शेवटी त्याने स्वतःच मालकांना सांगितलं. मालकांनी चष्मा वर केला, पुस्तकाचं नाव बघितलं आणि म्हणाले, "अरे, तत्त्वज्ञान आहे हे. वाचणारे समजले असतील की लेखक फार खोल गेलाय." मग पाठीवर थाप मारून, "वाचता येत नाही ते मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे. पुढच्या वेळी विचार मात्र."

"उद्या पहिल्या पत्रापासून सुरू करू," तो आता म्हणाला. "सुलट."

"कशाला?" बायको म्हणाली. "मेलेला माणूस उठून चहाला नावं ठेवतोय. इतक्या वर्षांत असं काही ऐकलं नव्हतं मी. चालू दे असंच."

आणि खरंच, त्यानंतरच्या दुपारी कशा गेल्या ते कळलं नाही. रोज एक पत्र मागे जायचं आणि वडील जरा जरा बरे व्हायचे. खाटेवरून उठले, घरी आले, काठी घेऊन चालले, मग एक दिवस काठी नाहीशी झाली. बाई मात्र उलट होत होती. वरच्या पत्रांत ती शांत होती, ठरवल्यासारखी बोलायची. खाली खाली तिला प्रश्न जास्त पडायला लागले, ती चिडायची, आदल्या आठवड्यात लिहिलेलं खोडायची, वाक्याच्या मध्ये हसायची. बाइंडरला वाटायचं, हीच बाई आपल्याला जास्त आवडते. आपण माणसाला नेहमी शिवलेला, दाबात ठेवून सपाट केलेला बघतो. इथे टाके एकेक करून सुटत होते आणि आतली घडी दिसत होती. मध्ये मध्ये ती दुसऱ्या कुणाकुणाची निळी ओळ द्यायची, हे वाचा म्हणून. आता बाइंडर निळ्या ओळींना घाबरत नव्हता. एक निवृत्त नर्स होती, ती वेदना म्हणजे काय यावरच लिहायची आणि प्रत्येक पत्र एका खाटेच्या नंबरापासून सुरू करायची. एक गणिताचा मास्तर होता, त्याच्या प्रत्येक पत्रात आधी मागच्या पत्रातल्या चुकांची माफी असायची, ती कधी कधी पत्राहून लांब. एक बसड्रायव्हर होता, तो वाट बघणं या एकाच गोष्टीवर दोन वर्षं लिहीत होता आणि अजून थांब्यावरच होता. बाइंडर चकित व्हायचा. एवढी माणसं आपापल्या खोल्यांत बसून, कुणी सांगितलं नसताना, असा विचार करत होती आणि तो घडी घालून बाहेर पाठवत होती. मालक नाही, छापखाना नाही. या सगळ्यांना बांधणार कोण, असं त्याच्या मनात यायचं. मग तो हसायचा. सूनही आता संध्याकाळी घरी आली की चप्पल काढता काढता विचारायची, "आज आजोबा कसे आहेत?" म्हणजे बाईचे वडील. "आज जिने चढले," बायको सांगायची.

पण चौसष्ट संपत आली तशी त्याला एक बेचैनी लागली. पहिल्या पत्रातल्या प्रश्नासाठी बाईने लिहायला घेतलं होतं आणि त्याच प्रश्नापुढे हात टेकून ती थांबली होती. ते पत्र तळाशी त्याची वाट बघत होतं. वाचून आपल्याला काहीच समजलं नाही तर? एवढ्या दुपारी आपण नुसता आवाज काढला, असं ठरेल. तारखा कळल्यापासून दोनदा त्याचा अंगठा यादीच्या तळाशी जाऊन परत आला. मधून ओढायचं नाही.

पहिलं पत्र लहान होतं. बाईने लिहिलं होतं, 'माझ्यासमोर एक फोटो आहे. सात वर्षांची मुलगी, पुढचे दोन दात पडलेले. वडील म्हणतात ही तू. तिचे दात, केस, भीती, गाणी, यातलं माझ्याकडे आज काही नाही. अंगातला कणन् कण बदलला म्हणतात. जे आठवतं तेही दुसऱ्यांनी सांगून सांगून बनलेलं. मग तिच्यातलं माझ्यात काय आलं आहे? नाव सोडून काही सांगता येत असेल तर मला सांगा. मला उत्तर माहीत नाही म्हणून विचारते आहे.' आणि खाली उत्तरासाठी एक चौकट. चौकट रिकामी होती. कुणी एक अक्षर लिहिलेलं नव्हतं.

"म्हणून थांबली बिचारी," बायको म्हणाली.

बाइंडर उठला आणि खिडकीशी गेला. समोरच्या इमारतीत एक माणूस गॅलरीतली कुंडी या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात सरकवत होता, परत मूळच्या जागी आणत होता. बाइंडर त्याच्याकडे बघत होता पण त्याला दिसत होतं ते छापखान्यातलं त्याचं टेबल, त्याच्यावर उसवायला ठेवलेलं एक जुनं पुस्तक. लोक पुस्तकं दुरुस्तीला आणायचे. आजीचं, वडिलांचं. पुठ्ठे बदलायचे, पाठ बदलायची, अस्तर, कडेचं कापड, दोरा तर कुजलेलाच असायचा. फाटक्या पानांना नवी पट्टी. कधी कधी जुनं असं फार थोडं उरायचं. तरी माणूस ते हातात घेऊन म्हणायचा, हेच ते. बाइंडरला त्याचं कधी नवल वाटलं नव्हतं आणि आज कळलं की का वाटलं नव्हतं. तो कपाटाकडे गेला, खालच्या कप्प्यातून बायकोचं शाळेतलं एक पुस्तक काढलं, जे त्याने लग्नानंतर तीनदा बांधलं होतं, आणि सुरीने पाठ सोडवायला लागला.

"काय फाडताय?"

"फाडत नाही. हात दे."

त्याने दोरा ओढून काढला, पहिला फर्मा सुटा केला, घडी उघडली आणि तिचं बोट त्या घडीवर ठेवलं. ती बोट सरकवत गेली.

"भोकं आहेत," ती म्हणाली. "एक, दोन... पाच."

"ही पहिल्या बाइंडरने पाडली. मी तुझं नावही ऐकलं नव्हतं तेव्हा. मी तीनदा शिवलं, तीनदा नवा दोरा. पण दाभण घेऊन नवं भोक नाही पाडायचं कधी. कागद फाटतो. दोरा नवा, भोकं तीच."

ती बोट तिथेच ठेवून बसली. मग म्हणाली, "हे तिला सांगा."

"मी?"

"नाही, पुठ्ठा सांगेल. अहो, तिने विचारलंय, कुणी बोललं नाही. तुम्हाला माहीत आहे. आता काय मालकांची वाट बघताय?"

त्याने आयुष्यात पत्र लिहिलं नव्हतं. कुणी त्याला लिहिलं नव्हतं. सही करायची तीसुद्धा तो चित्र काढल्यासारखी काढायचा. पुस्तकं वाचणाऱ्या बाईला, सगळ्यांना दिसेल अशा चौकटीत, आपण आपल्या वेड्यावाकड्या ओळी लिहायच्या, आणि तीनशे प्रतींची ती गरमी पुन्हा कानांत. फक्त या वेळी सगळा जिनाच आपल्या हातचा. तो चार दिवस कागदावर पेन्सिलने लिहीत होता. जास्त व्हायचं ते खोडायचा. सून म्हणाली, "मी नीट करून देऊ का बाबा?" तो नको म्हणणार तेवढ्यात बायकोच म्हणाली, "त्यांचा दोरा त्यांना ओढू दे." पाचव्या दिवशी त्याने एका बोटाने ते फोनवर उतरवलं. 'मी बाइंडर आहे. तुमची पत्रं उलटी वाचली, माफ करा. तुमचे वडील आमच्या घरी बरे झाले. जुनं पुस्तक पुन्हा शिवतो तेव्हा दोरा नवीन असतो पण भोकं जुनीच वापरतात. पुठ्ठा, पाठ, सगळं बदललं तरी भोकं जिथे होती तिथेच असतात. तिथे काही नसतं म्हणून ती झिजत नाहीत. त्या मुलीला जिथे टोचलं असेल तिथूनच तुम्हाला शिवलं असेल. मला एवढंच माहीत आहे.' पाठवायच्या खुणेवर त्याचा अंगठा थांबला. कुठल्याही बसने ब्रेक मारला नाही. त्याने स्वतःच दाबलं.

पुढे काही झालं नाही. सून म्हणाली, बाबा, नऊ-दहा महिने बंद पडलंय, बघतही नसेल ती. बाइंडर बरं म्हणाला. त्याला स्वतःचं आश्चर्य वाटत होतं, कारण तो उदास नव्हता. सांगायचं ते सांगून झालं होतं. त्याने बायकोचं पुस्तक चौथ्यांदा शिवलं, दोऱ्याला मेण लावून, त्याच पाच भोकांतून, आणि दुपारी नर्सची पत्रं वाचायला घेतली. तीही वरूनच, आता त्यांना तीच सवय लागली होती.

थेंबांची आणखी एक बाटली संपली तेव्हा तो पुन्हा त्याच बसने निघाला. परतताना फोन खिशात थरथरला. त्याने बघितलं. यादीच्या सगळ्यांत वर एक नवी ओळ बसली होती: 'पत्र पासष्टावं.' तो ते तिथे उघडू शकला असता. त्याने फोन परत खिशात घातला, बसचा दांडा घट्ट धरला आणि या वेळी आपल्या थांब्यावर उतरला. घरी येऊन आधी तिच्या डोळ्यांत थेंब घातले, ती डोळे मिटून पडली होती तेवढ्यात चहा टाकला, मग बसला.

"आज नर्स?" ती म्हणाली.

"नाही." त्याने शब्द लावायला सुरुवात केली. "'या आठवड्यात मी वडिलांचं एक पुस्तक उसवलं. कुणीतरी सांगितलं म्हणून. घड्या उघडून भोकं मोजली. सात आहेत.'"

तो थांबला. चहा गार होत होता. बायकोचं बोट मांडीवर, साडीच्या घडीवरून, सावकाश सरकत होतं.

"सात?" ती म्हणाली. "आपली तर पाच होती."

"उंच पुस्तक असणार," बाइंडर म्हणाला. "उंच पुस्तकाला सात लागतात."

"मग थांबलात कशाला? वाचा की."

त्याने खुर्ची थोडी कडेला ओढली, तिला दिसेल अशी, आणि पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरुवात केली.